वरच्या मजल्यावरचे कंपनीवाले

आमच्या कॉलनीत कंपनीची बातमी आणली ती समोरच्या भाऊंनी. समोरचे भाऊ म्हणजे आमच्या घरासमोर राहणारे, प्लॉटच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणारे गृहस्थ. यवतमाळात काहीही घडणार असलं की त्यांना आधी कळतं, आणि घडणार नसलं तरी त्यांनाच आधी कळतं. सकाळी पेपर घेऊन ते आमच्या फाटकाशी आले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "साहेब, एमआयडीसीत मोठी कंपनी येऊन राह्यली. पँटा शिवनार. आपल्या इथच्यासाठी नाई बरं का. पुरा माल अमेरिका, जर्मनी!"

आमचे हे तेव्हा वीज मंडळात नोकरीला होते. जन्मभर लोकांच्या घरात उजेड पाडला, पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यात असा लख्ख उजेड मी पहिल्यांदाच पाहिला. चहाचा कप हातात तसाच राहिला आणि नजर गच्चीकडे गेली.

"म्हणजे फॉरेनचे लोक येतीन," ते म्हणाले. "मंग ते राहतीन कुठं?"

फॉरेनच्या माणसानं राहावं अशी जागा अख्ख्या यवतमाळात आमच्या गच्चीशिवाय दुसरी नाही, हे त्या एका प्रश्नात ठरून गेलं.

सासूबाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. त्या मूळच्या महागावकडच्या. तिथली कापूस-तुरीची शेती आता माझे दीर पाहतात. गावात सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा ही बाई नावापुरती बसेल, असं पुढाऱ्यांना वाटलं होतं. सासूबाईंनी आपली मुदत अशी काढली की नंतर ते पुढारी त्यांच्या दारावरून जायचं टाळून मागच्या बोळीनं जाऊ लागले. गुडघे धरले म्हणून त्या आमच्याकडे यवतमाळला आल्या. राजकारण मात्र त्यांनी गावी ठेवलं नाही, सोबतच आणलं.

"बाबू, ह्या पँटा शिवनार कोन? ते गोरे का?" त्यांनी तुरीतून मान वर न काढता विचारलं.

"ते साहेब लोक असतात, आई. ते मशिनी लावतीन, देखरेख करतीन."

"हव. पन शिवनार कोन?"

"शिवतीन कोनी बी," असं म्हणून हे मोजपट्टी घेऊन गच्चीवर गेले.

पुढच्या काही महिन्यांत शहरानं जे रंग दाखवले ते मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून सांगते. आमचा कापूस आजवर गाठी बांधून बाहेर जायचा आणि कुठूनतरी पँट होऊन दुकानात परत यायचा. आता पँट इथंच होणार, एवढीच खरं तर बातमी. पण चौकातल्या सलूनवाल्यानं पाटीवरचं 'न्यू बॉम्बे' खोडून 'इंटरनॅशनल' करून घेतलं. पोहेवाल्यानं गाडीवर 'कॉन्टिनेंटल नाश्ता' असं रंगवलं, पोहे तेच आणि तर्रीही तीच. बायपासकडच्या सोयाबीनच्या वावरांत पांढरे दगड रोवले गेले आणि लेआउट पडले. एका लेआउटचं नाव युरो सिटी. तिथं एक सिमेंटची कमान होती आणि कमानीखाली बकऱ्या बसायच्या. समोरचे भाऊ गिऱ्हाइकाला गाडीत घालून तिथं न्यायचे आणि बकऱ्यांना हुसकून म्हणायचे, "ह्या इथं क्लब हाऊस."

आमच्या गच्चीवर मजला चढू लागला. ह्यांनी खोल्या काढल्या, त्यात इंग्लिश पद्धतीचे संडास बसवले, आणि एक दिवस टेम्पोतून बाथटब आला. पांढराशुभ्र, लांबलचक. चार माणसांनी तो जिन्यातून वर चढवला तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. सासूबाई गुडघ्याचं दुखणं विसरून मागोमाग वर गेल्या. टबाभोवती एक चक्कर मारली आणि काठावर बोटानं टकटक करून पाहिलं.

"बाबू, नळ आठवड्यातून एकदा येते आपल्या इथं. अन् तू ही ढोराची नांद कायले बसवून राह्यला?"

"आई, ते लोक त्यात झोपून आंघोळ करतात."

"झोपून?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अन् उठते कवा मंग?"

मी पदर तोंडाला लावून खाली पळाले, कारण हसू आलं की हे रागावतात आणि त्या दिवसांत त्यांचा राग फार महागाचा झाला होता.

समोरच्या भाऊंनाही स्वस्थ बसवेना. त्यांनी आपल्या दुसऱ्या मजल्याला काचेचे कठडे लावले आणि मजल्यावर इंग्रजीत मोठी पाटी लावली, 'केवळ विदेशी पाहुण्यांसाठी' अशा अर्थाची. पेंटरनं 'गेस्ट'च्या स्पेलिंगमध्ये भलतीच अक्षरं घालून त्याचा 'घोस्ट' केला. कॉलेजचे पोट्टे गल्लीतून जाताना ती वाचून दात काढू लागले, तेव्हा कळलं की भाऊंनी हा मजला फॉरेनच्या भुतांसाठी राखून ठेवलाय. पाटी उतरवेपर्यंत ती बातमी बसस्टँडपर्यंत पोचली होती.

आणि मग कंपनीचा माणूस आला. एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. कित्येक दिवसांपासून आरशासमोर 'वेलकम, प्लीज कम' चाललंच होतं. समोर उभा होता एक सडपातळ, सावळा, कपाळाला भस्म लावलेला माणूस, नेसूला पांढरं लुंगीसारखं धोतर. म्हणाला, "सर, रूम है? मैं कंपनी का मैनेजर. तिरुपूर से."

हे त्याच्या मागे पाहत राहिले. गोरा माणूस गाडीतून उतरायचा राहिला असावा, असं त्यांना वाटलं. गाडी नव्हती. तो ऑटोनं आला होता.

ह्यांनी त्याला वर नेलं, सगळं दाखवलं. मी चहा घेऊन मागे. तो टबापाशी थांबला आणि मनापासून विचारलं, "ये कपड़ा रंगने का है?"

"नहाने का," हे कसनुसं म्हणाले. मग धीर करून विचारलं, "फॉरेनवाले कब आएंगे?"

"फॉरेनवाला किसलिए आएगा, सर? वो मोबाइल पे बोलता. कपड़ा उधर जाता, आदमी इधर नहीं आता." चहाचा घोट घेऊन तो पुढं म्हणाला, "मेरे को लड़की लोग के लिए रूम होना. सिलाईवाली. बहुत लड़की आएगी, गाँव-गाँव से."

ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आमच्या इंग्लिश संडासावर गावाकडच्या पोरी? ते ताठ होऊन म्हणाले, "नहीं. यह फॅमिली एरिया है."

मॅनेजर नमस्कार करून खाली उतरला. सासूबाई फाटकाशीच बसल्या होत्या. त्यांनी त्याला थांबवलं, काय बोलल्या ते मला वरून ऐकू आलं नाही. सासूबाईंना हिंदी येत नाही आणि त्याला मराठी येत नव्हती. पण दोघंही बराच वेळ माना हलवत होते.

समोर काचेच्या कठड्यावर भाऊ उभे होते. ते ओरडले, "काय साहेब, जर्मनीवाला जरा काळाच निघाला!"

पुढल्याच आठवड्यात ह्यांना ऑफिसच्या ट्रेनिंगला नागपूरला जावं लागलं. त्यांची बस सुटली असेल नसेल, तोच सासूबाईंनी मला हाक मारली. "सूनबाई, वरत झाडून घे. पोट्ट्या येऊन राह्यल्या."

"कोनत्या पोट्ट्या, आई?"

"शिवनाऱ्या," त्या म्हणाल्या, जणू हा प्रश्न मी काही महिने उशिरा विचारला.

खरं सांगायचं तर मला मजा वाटली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्या घरात ह्यांना न विचारता साधी कुंडीसुद्धा हलली नव्हती. मी झाडू घेऊन वर गेले.

संध्याकाळी पोरी आल्या. फुलसावंगी, महागाव, उमरखेड, दारव्हा, कुठून कुठून. कुणी कुणब्याची, कुणी आदिवासी, काही बंजाऱ्यांच्या तांड्यांवरच्या. एकेकीच्या हातात एकेक पिशवी आणि पायात नवी चप्पल. त्यांच्यात एक फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची होती. बोलकी, धिटुकली, ओढणी कमरेला खोचलेली. ती आमच्याशी वऱ्हाडी बोले, मॅनेजरशी हिंदी, आणि फोनवर आपल्या याडीशी, म्हणजे आईशी, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. तिन्ही भाषांत तितक्याच जोरानं. सासूबाईंनी विचारलं, "घर सोडून इतक्या दूर राहाले भेव नाई वाटत का तुले?" तर म्हणाली, "आजी, आमचे बुढे बैलावर मीठ लादून सारा मुलूख फिरे. मी तं बसनं आली."

सासूबाईंना ती तिथंच आवडली.

त्या पोरींनी टबाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवला. नळ आला तसा त्यांनी तो काठोकाठ भरला, वर धुतलेली चादर टाकली आणि आठवडाभराच्या पाण्याची सोय लावून टाकली. आमची खालची टाकी संपली की मीही बादली घेऊन वर जाऊ लागले.

हे परत आले तेव्हा दुपार होती. रविवार, म्हणून पोरी घरीच. गच्चीवर दोऱ्यांवर रंगीत ओढण्यांचं तोरण लागलेलं, वरून मोठमोठ्यानं गाणी, आणि जिन्यात चपलांचा ढीग. हे बॅग हातात धरून फाटकातच उभे राहिले. आपलंच घर आहे ना, म्हणून नावाची पाटी वाचली.

"आई! हे काय होय?"

सासूबाई ओट्यावरच होत्या. "कंपनीचे लोक होय, बाबू. तूच तं म्हने, कंपनीचे लोक राहाले येतीन. आले."

"मी फॉरेनच्या लोकाइचं म्हणत होतो!"

"त्याइच्या पँटा शिवतात ह्या. आनखी किती फॉरेन पाह्यजे तुले?"

ते माझ्याकडे वळले. मी लगेच त्यांची बॅग घेऊन आत गेले आणि ती फार वेळ लावून उघडली. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वरचा फ्यूज उडाला. पोरी घाबरून खाली आल्या, "काका, लाइट गेली!" वीज मंडळाच्या माणसाला कुणी असं म्हटलं की त्याचा रुसवा टिकत नाही. हे टॉर्च आणि पकड घेऊन वर गेले, खाली आले ते त्या पोरींना इस्त्री एका वेळी एकीनंच लावायची, हे समजावत आले.

आता गल्लीचं सांगते. संध्याकाळी कंपनीची बस चौकात थांबायची आणि पोरींचा थवा उतरायचा. आमच्याच नव्हे, मागच्या गल्ल्यांतल्या घरांतही पोरी राहायला आल्या होत्या. त्यांच्यामागून एकेक धंदा आला. आधी पाणीपुरीची गाडी, मग मोबाइल रिचार्जचं खोकं, मग डोसा, मग ओढणीला पिको आणि साडीला फॉल करून देणारी बाई. ऑटोवाल्यांनी आपला थांबाच बसस्टँडकडून इकडं आणला. आमच्या चौकातला किराणावाला, जो पूर्वी दुपारी दुकानात गादी टाकून झोपायचा, त्यानं दुकान वाढवून रस्त्यावर आणलं. अंधारा म्हणून ज्या कोपऱ्याला सगळे घाबरायचे तिथं नगरपालिकेनं दिवा लावला, आणि तो जळायलाही लागला. युरो सिटीत अजून बकऱ्याच होत्या. शहर तिकडं वाढायचं सोडून आमच्या बोळीत शिरलं होतं.

सगळ्यांना हे गोड लागलं असं नाही. समोरच्या भाऊंचा काचेचा मजला रिकामाच होता आणि रिकामा मजला माणसाला फार नैतिक बनवतो. ते म्हणू लागले, पोट्ट्यांमुळं कॉलनीचं वळण बिघडून राह्यलं, मोटारसायकलवरची पोरं चकरा मारतात, भल्या घरच्या लोकांनी राहावं कसं. चार-पाच जण त्यांच्या बाजूनं झाले आणि मारुतीच्या देवळात मीटिंग ठरली. ठराव असा, की कॉलनीत कंपनीच्या पोरी ठेवायच्या नाहीत.

हे काळजीत पडले. "मी म्हनलं नव्हतं? आता सारी कॉलनी अंगावर येईन."

 सासूबाईंनी तांड्यावरच्या पोरीला खाली बोलावून घेतलं आणि दोघी कुजबुजल्या. मग मला सांगितलं, "सूनबाई, तू उद्या चक्कीवर जाशीन तवा फक्त एवढं म्हन, की पोट्ट्या दुसऱ्या कॉलनीत चालल्या. बाकी काही बोलू नको."

"पन आई, त्या कुठं चालल्या?"

"तुले कोनी इचारलं तं म्हन, मले काय मालूम."

मी चक्कीवर दळण टाकलं आणि एवढंच म्हणाले. दळण होईपर्यंत ती गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरी आमच्या चौकात उतरेचनात. एक चौक आधी उतरायच्या, तिथंच काय घ्यायचं ते घ्यायच्या आणि मागच्या बोळीनं घरात शिरायच्या. आमच्या मागच्या दाराला इतकी रहदारी मी कधी पाहिली नव्हती. पुढं चौकात पाणीपुरीवाला पुऱ्यांचा ढीग मांडून बस गेलेल्या दिशेकडे बघत बसे. डोसेवाल्यानं पीठ परत नेलं. ऑटोवाले एकमेकांशी पत्ते खेळू लागले. किराणावाला दोनदा आमच्या घरी आला, काहीच काम नसताना.

"काकू, पोट्ट्या दिसत नाई काहून?"

"मले काय मालूम," मी म्हणाले. सासूबाई आत हसू दाबत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजताना मला ऐकू येत होत्या.

मीटिंगच्या संध्याकाळी देवळात इतकी गर्दी झाली की हनुमान जयंतीलाही होत नाही. समोरचे भाऊ उभे राहिले, संस्कृती, वळण, भली घरं असं सगळं बोलले. बोलणं संपलं आणि ते खाली बसायच्या आत किराणावाला उठला.

"भाऊ, आपलं सारं बरोबर हाय. पन ह्या पोट्ट्या गेल्या तं माहं नवं दुकान तुमी चालवान का?"

"अरे, पन कॉलनीचं वळण..."

"मोटारसायकलवाले पोट्टे चकरा मारतात म्हनता," ऑटोवाला मध्येच म्हणाला. "त्यातले दोन तं तुमच्या घरचेच पुतने हायेत, भाऊ. त्याइलेच घरी ठेवा ना."

देवळात हशा पिकला. मागून पिकोफॉलवाली बाई बोलली, मग डोसेवाला, मग ज्यांनी पोरी ठेवल्या होत्या त्या बाया. ह्यांनीही, ज्यांना मी आयुष्यात चारचौघांत बोलताना पाहिलं नव्हतं, हात वर केला आणि म्हणाले, "चौकात आनखी एक दिवा पाह्यजे. मी अर्ज लिहून देतो." ठराव बदलला. पोरींना हटवायचं राहिलं बाजूला, मोटारसायकलवाल्यांना तंबी द्यायची ठरली. सासूबाई सबंध मीटिंगभर जपमाळ ओढत बसल्या होत्या. 

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं मागचं दार वाजलं. समोरचे भाऊ. पुढल्या दारानं यायची त्यांना लाज वाटली असावी.

"काकू," ते सासूबाईंना म्हणाले, "आमचाही मजला रिकामाच हाय. काही पोट्ट्या आमच्या इथं पाठवल्या तं..."

"भुतं नाई आले का, भाऊ?" सासूबाईंनी विचारलं. मग पाटावर बसवून त्यांना चहा पाजला आणि अट घातली की पाण्याची मोटर तासभर जास्त चालवावी लागेल. ते कबूल झाले.

फॉरेनचं माणूस आमच्या घरी आलं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. पँटा विकत घेणाऱ्या तिकडच्या कंपनीची एक बाई, पोरी कुठं राहतात ते तपासायला. मॅनेजरनं आदल्या दिवशी कळवलं आणि ह्यांच्या अंगात पुन्हा तेच वारं शिरलं. कपबशा निघाल्या, 'वेलकम, प्लीज कम' सुरू झालं. बाई आली, उंच, गोरी, पायात चक्क बूट. ह्यांचं 'वेलकम' पूर्ण होईपर्यंत ती जिना चढून गेली होती. तिला ह्यांच्याशी नव्हे, पोरींशी बोलायचं होतं. एका खोलीत किती जणी, संडास किती, आग लागली तर बाहेर कसं पडाल. टब पाहून ती थबकली. तांड्यावरच्या पोरीनं चादर बाजूला करून पाणी दाखवलं आणि सोबतच्या दुभाष्याला सांगितलं, "सांगा मॅडमले, नळ आठवड्यातून येते. तुमची कंपनी नळ रोज आनून देत असन तं आमी ह्यात झोपून आंघोळ करू."

दुभाष्यानं काय सांगितलं देव जाणे. पण बाई खळखळून हसली आणि तिनं काहीतरी टिपून घेतलं.

खाली आली तेव्हा सासूबाईंनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढं केला. दुभाषा घाईघाईनं म्हणाला, "आजी, त्यांना तपासणीला गेलं की काही घेता येत नाही. नियम आहे."

"पानी बी नाई?"

"पाणीही नाही."

"माय माय! एवढ्या दुरून आली, अन् कोरडीच चालली?" सासूबाईंना खरोखर वाईट वाटलं. बाई फाटकापर्यंत गेली, मग तशीच परत आली, सासूबाईंच्या पायाशी वाकली आणि गाडीत जाऊन बसली. हे तिला कुणी शिकवलं होतं की पाहून शिकली, ते आम्हाला कळलं नाही. ह्यांचं मात्र तिच्याशी एकही वाक्य झालं नाही. ते कपबशा परत कपाटात ठेवत होते. मला त्या वेळी त्यांची दया आली आणि मी त्यांना त्याच चिनी मातीच्या कपात चहा करून दिला.

सगळे दिवस सारखे नसतात. एका वर्षी तिकडं काहीतरी झालं. कुणी म्हणे अमेरिकेनं कर वाढवला, कुणी म्हणे तिकडच्या लोकांनी पँटा घेणंच कमी केलं. आमच्या इथं त्याचा अर्थ एवढाच, की एक शिफ्ट बंद झाली. पोरी पिशव्या घेऊन गावी परतल्या. पाणीपुरीची गाडी उठली. चौक असा सुना झाला की त्या वेळी कुणाला गंमत म्हणूनही हसू आलं नाही. जे गाव नकाशावर शोधूनही सापडायचं नाही, तिथल्या कुण्या माणसानं दुकानात एक पँट उचलून परत ठेवली, आणि आमचा डोसेवाला घरी बसला. सासूबाई टीव्हीवरच्या बातम्यांत गोरे लोक दिसले की त्यांच्या पँटा निरखून बघायच्या. "हा पाह्य, हाही जुनीच घालून फिरून राह्यला," असं चिडून म्हणायच्या.

काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं, आधीइतकं नाही. निम्म्या पोरी परतल्या. तांड्यावरची परतली नाही. ती एक दिवस सामान न्यायला आली आणि म्हणाली, "आजी, आता मी दुसऱ्याच्या शिफ्टीवर नाई राहात. महागावले गाळा पाह्यला. मशिनी घेतल्या. मॅनेजर सर म्हणे, कंपनीचे कॉलर-खिसे तुयाकडं देतो. ते नसले तं शाळेचे ड्रेस शिवीन. तांड्यावरच्या बाया तयार हायेत."

"अन् अमेरिकेनं कर वाढवला तं?" ह्यांनी विचारलं.

"शाळा तं भरतीनच ना, काका!"

गाळ्याच्या उद्घाटनाला आम्ही महागावला गेलो. सासूबाईंना नारळ फोडायला बोलावलं होतं. समोरच्या भाऊंची गाडी होती, म्हणून तेही आले. छोटासा गाळा, बाहेर झेंडूची माळ, आत ओळीनं मशिनी आणि प्रत्येकीवर एक बाई. काही त्यांच्या पारंपरिक आरशांच्या घागऱ्यात, काही साडीत, एक तर आमच्या ओळखीची, आधी आमच्याच वरच्या मजल्यावर राहिलेली. पोरीची याडी दारात उभी होती, आल्या-गेल्याला पेढा देत. सासूबाईंना मशिनीवर बसवलं. त्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि मशीन धडधडत अशी सुटली की कापडाचा खिसा सरळ सोडून तिरका शिवला गेला.

पोरीनं तो उचलून पाहिला. "आजी, पीस रिजेक्ट!"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर टेकवावं लागलं. याडीशी त्या बराच वेळ बोलत होत्या. याडी गोरबोलीत, ह्या वऱ्हाडीत, दोघींचं छान चाललं होतं.

परतताना गावाबाहेर समोरच्या भाऊंनी एकदम गाडी थांबवली. रस्त्याकडेला सोयाबीनचं वावर होतं, बांधावर एक माणूस बसला होता.

"हे वावर इकाचं हाय का, इचारून येतो," भाऊ उतरत म्हणाले.

"भाऊ, त्या पोट्टीले आधी मशिनीवर नीट बसू तं द्या," सासूबाई म्हणाल्या.

पण ते गेलेच. आम्ही गाडीत बसून याडीनं बांधून दिलेला चिवडा खाल्ला. ते बांधावर त्या माणसाशी हातवारे करत बोलत होते, आणि तो माणूस नाही म्हणून मान हलवत होता.